साडेछत्तीस मिनिटांचा प्रवास : लुई ब्लेरिओचें चरित्र

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंतचें अंतर आकाशमार्गानें सुमारें ३५० किलोमीटर आहे. वेळापत्रकांत या प्रवासास सुमारें सव्वा तास दिलेला असतो. एखादा गणितप्रेमी विद्यार्थी लगेच शंका काढील, कीं ताशीं ८०० किलोमीटर वेगानें उडणाऱ्या विमानास एवढें अंतर तोडावयास सव्वीस मिनिटें पुरेशीं आहेत. मग उरलेला वेळ जातो कोठें? त्याच्या हिशेबांत चूक नाहीं. परंतु विमान जागचें हललें कीं वेळ मोजली जाऊं लागते. धावपट्टीपर्यंत संथपणें जाणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, वर चढणें, नेमून दिलेल्या वळणावळणाच्या वाटेनें जाणें, खालीं उतरणें आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन उभें राहणें, हें सर्व त्या सव्वा तासांत धरलेलें असतें. तात्पर्य, प्रवासाची वेळ ही केवळ अंतराला वेगानें भागून येत नाहीं. न दिसणारें बरेंच कांहीं तिच्यांत दडलेलें असतें.

हा हिशेब आम्ही प्रारंभींच मांडण्याचें कारण असें, कीं आज ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों, त्याची कीर्ति एकाच लहानशा प्रवासावर उभी आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडी आजचा प्रवासी थोड्याच मिनिटांत ओलांडतो व बहुधा खालीं पाहतही नाहीं. त्याच खाडीचा जो अरुंद भाग फ्रान्समधील कॅले व इंग्लंडमधील डोव्हर या गांवांच्या मध्यें आहे, तो विमानानें ओलांडणारा पहिला मनुष्य म्हणजे लुई ब्लेरिओ. अंतर सुमारें ३८ किलोमीटर. वेळ साडेछत्तीस मिनिटें. परंतु या साडेछत्तीस मिनिटांतही बरेंच कांहीं दडलेलें आहे, आणि तेंच सांगण्याचा आमचा हेतु आहे.

लुई ब्लेरिओ याचा जन्म १ जुलै १८७२ रोजीं उत्तर फ्रान्समधील कांब्रे या गांवीं झाला. बापाचा कापडाचा कारखाना होता. पांच भावंडांत लुई हा वडील. दहाव्या वर्षीं त्यास गांवांतीलच एका निवासी शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें त्यानें बक्षिसें मिळविलीं, त्यांत यंत्रांच्या चित्रकलेचेंही एक होतें. पुढें पॅरिस येथील एकोल सांत्राल या नामांकित शिल्पविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत २४३ उमेदवारांत त्याचा क्रमांक ७४ वा आला, आणि तीन वर्षांच्या अभ्यासानंतर शेवटच्या परीक्षेंत २०३ जणांत ११३ वा आला. हे आंकडे आम्ही मुद्दाम देत आहों. परीक्षेंत मधला किंवा मागचा क्रमांक आला म्हणून जीं मुलें खट्टू होतात, व त्यांच्याहूनही अधिक जे पालक खट्टू होतात, त्यांनीं ते ध्यानांत ठेवावे. क्रमांक मध्यमच होता. परंतु मनांतील कल्पना कागदावर रेखून काढण्याची त्याच्या हातांची कला लहानपणापासून जी होती ती शेवटपर्यंत टिकली.

लष्करांतील सक्तीची नोकरी आटोपल्यावर ब्लेरिओ विजेचीं यंत्रें करणाऱ्या एका पेढींत लागला. त्या काळीं मोटारगाड्या नुकत्याच रस्त्यावर येऊं लागल्या होत्या. पण रात्रीं त्यांस वाट दिसण्याची पंचाईत असे. ब्लेरिओनें ॲसिटिलीन वायूवर जळणारा, स्वतःचा वायु स्वतःच तयार करणारा असा आटोपशीर दिवा बनविला. आपल्याकडे पूर्वीं जत्रेंतील दुकानांवर जे कार्बाइडचे दिवे जळत, त्यांचाच हा जातभाई म्हणावयाचा. १८९७ सालीं त्यानें पॅरिसमध्यें या दिव्यांचें दुकान घातलें. मोटारींचे मोठमोठे कारखानदार त्याचे दिवे घेऊं लागले आणि थोड्याच काळांत तो चांगला सधन झाला. १९०१ सालीं आलिस वेदेर या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, व पुढें त्यांस सहा मुलें झालीं. दुसरा एखादा गृहस्थ एवढ्यावर संतुष्ट राहिला असता.

परंतु १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत ब्लेरिओनें क्लेमां आदेर या संशोधकाचें वटवाघुळासारख्या पंखांचें उडतें यंत्र पाहिलें होतें, आणि तेव्हांपासून उडण्याच्या कल्पनेनें त्याच्या मनांत घर केलें. प्रथम त्यानें पक्ष्याप्रमाणें पंख फडफडविणारें यंत्र केलें. तें उडालेंच नाहीं. १९०५ सालीं गाब्रिएल व्वाझँ या तरुण कारागिराच्या साह्यानें त्यानें पाण्यावरून उडणारें दुसरें यंत्र केलें. सेन नदीवर मोटारहोडीनें तें ओढण्यांत आलें. तें वर चढलें आणि लगेच नदींत कोसळलें. आंत बसलेला व्वाझँ बुडतां बुडतां वांचला. तिसरें उडालें नाहीं. चौथेंही उडालें नाहीं. पुढें दोघांची भागीदारी मोडली. त्यानंतरचीं यंत्रें थोडथोडीं उडालीं, आणि पुष्कळदां मोडलीं. प्रत्येक वेळीं ब्लेरिओ स्वतः त्यांत बसलेला असे, आणि प्रत्येक वेळीं मोडक्या सांगाड्यांतून बाहेर पडून काय चुकलें तें शोधीत असे. त्याच्या यंत्रांस क्रमांक होते. आम्हांस असें वाटतें, कीं त्या क्रमांकांतच त्याचें खरें चरित्र लिहिलेलें आहे.

१९०८ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेचा विल्बर राइट फ्रान्समध्यें येऊन उडाला, तेव्हां तें पाहणाऱ्यांत ब्लेरिओही होता. पंखांचीं टोकें पिळून विमानाचा तोल कसा संभाळावा, हें राइट बंधूंनीं सिद्ध करून दाखविलें होतें. दुसऱ्याची विद्या घेण्यांत ब्लेरिओस कमीपणा वाटला नाहीं. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं आपल्या आठव्या यंत्रांत बसून त्यानें तूरी या गांवाहून आर्तने येथें जाऊन परत येण्याचा सुमारें २८ किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत त्यास खालीं उतरावें लागलें. तरी एका गांवाहून दुसऱ्या गांवास विमानानें जातां येतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

त्याचें अकरावें विमान १९०९ च्या जानेवारींत प्रथम उडालें. त्यास पंखांची एकच जोडी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते आठ मीटरांहूनही थोडे कमीच भरत. सांगाडा लांकडाचा, त्यास तारांचे ताण, आणि पंखांवर कापड. पुढें तीन नळकांड्यांचें, पंचवीस अश्वशक्तीचें अंझानी इंजिन बसविलेलें होतें. तें फार वेळ चाललें कीं तापे, व त्यांतून उडणारें तेल चालकाच्या अंगावर येई. आजच्या एखाद्या मोटारसायकलींतही याहून अधिक शक्ति असते.

इकडे पैसा संपत आला होता. दिव्यांच्या धंद्यांत मिळविलेलें व आलिसनें माहेराहून आणलेलें असें पुष्कळसें द्रव्य या यंत्रांत खर्च झालें होतें. त्याच सुमारास लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्रानें खाडी विमानानें ओलांडणारास बक्षीस लाविलें होतें. १९०८ सालीं तें पांचशें पौंडांचें होतें. कोणीं जिंकलें नाहीं तेव्हां पुढील वर्षीं तें एक हजार पौंड करण्यांत आलें. अट अशी, कीं यंत्र हवेहून जड असावें व उड्डाण सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान व्हावें. हवेहून जड ही अट घालण्याचें कारण असें, कीं हलक्या वायूनें भरलेल्या फुग्यांतून ब्लांशार व जेफ्रीज हे दोघे १७८५ सालींच खाडीपार गेले होते. फुगा वारा नेईल तिकडे जातो. येथें मनुष्यानें आपल्या इच्छेनें जावयाचें होतें.

तरीही उड्डाणासाठीं पैसा हवाच होता. असें सांगतात, कीं त्याच दिवसांत आलिस पॅरिसमध्यें एका स्नेह्यांकडे गेली असतां तेथें एका श्रीमंत मळेवाल्याचें मूल सज्जावरून पडत होतें, तें तिनें धांवत जाऊन धरलें. आणि त्या उपकाराची फेड म्हणून मुलाच्या बापानें ब्लेरिओस पंचवीस हजार फ्रँक दिले.

पैशाची सोय झाली, तों शरीरानें अडथळा आणिला. ३ जुलै रोजीं दुसऱ्या एका विमानांतून उडत असतां इंजिनाच्या धुराड्यावरील वेष्टन सुटलें व ब्लेरिओचा पाय भाजला. तरीही तो विमान खालीं न उतरवितां बराच वेळ उडत राहिला. ती जखम पुढें दोन महिन्यांहून अधिक काळ भरली नाहीं. अशा स्थितींत, कुबड्यांच्या आधारानें चालत, तो २१ जुलै रोजीं कॅले येथें आला.

त्याच्या आधीं तेथें ह्युबर्ट लेथम हा तरुण वैमानिक येऊन ठेपला होता. १९ जुलै रोजीं लेथम आपल्या आंत्वानेत नांवाच्या सुंदर विमानांतून निघालाही. परंतु वाटेंत इंजिन बंद पडलें आणि विमान समुद्रावर उतरलें. लांकडी सांगाडा तरंगत राहिला, लेथम शांतपणें त्यावर बसून राहिला, आणि सोबतच्या फ्रेंच युद्धनौकेनें त्यास उचलून घेतलें. लगेच त्यानें नवें विमान मागविलें. आतां दोघे स्पर्धक थोड्याशा अंतरावर तळ देऊन वारा पडण्याची वाट पाहूं लागले. चार दिवस वारा पडला नाहीं.

रविवार, २५ जुलै १९०९. पहांटे दोनच्या सुमारास ब्लेरिओचा मित्र लब्लाँ यास वारा मंदावल्यासारखा वाटला. त्यानें ब्लेरिओस जागें केलें. त्या वेळीं वीरपुरुषाच्या अंगीं वीरश्री संचारली असेल अशी कोणाची कल्पना असल्यास ती खरी नाहीं. ब्लेरिओ उदास होता. न्याहारी करण्यास देखील त्याची समजूत घालावी लागली. पाय दुखत होता, मागें अपघातांची माळ होती, पुढें समुद्र होता. त्याची पत्नी आलिस एस्कोपेत नांवाच्या युद्धनौकेवर चढली. ती नौका खाडींतून त्याच्या सोबतीस जाणार होती. ब्लेरिओनें प्रथम एक लहानसें उड्डाण करून यंत्र तपासलें. मग सूर्य उगवल्याची खूण होतांच, ४ वाजून ४१ मिनिटांनीं, तो कॅलेजवळील ले बाराक येथून समुद्राकडे निघाला.

त्याच्याजवळ होकायंत्र नव्हतें. दिशा दाखविण्यास ती युद्धनौका काय ती होती. आणि विमानाचा वेग नौकेहून अधिक असल्यामुळें थोड्याच वेळांत ती मागें पडली. नौकेवरून आलिसनें वर पाहिलें असेल, व तो पांढरा ठिपका दिसेनासा झाला असेल, तेव्हां तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल ती आमच्या वाचक-मातांनीं ओळखावी. वर ब्लेरिओचीही स्थिति निराळी नव्हती. हवा धूसर झाली. मागचा किनारा दिसेना, पुढचा दिसेना, खालीं एकही जहाज दिसेना. सुमारें दहा मिनिटें तो अशा रीतीनें पाण्यापासून थोड्याशाच उंचीवर एकटा उडत होता. हीं दहा मिनिटें घड्याळांत इतर दहा मिनिटांएवढींच होतीं. परंतु आमच्या मतें त्या प्रवासाचें खरें अंतर तेवढेंच होतें. दिशा चुकली तर पुढें मोठा समुद्र, इंजिन तापलें तर खालीं पाणी. त्यानें एवढेंच केलें, कीं हातांतील दांडा सरळ धरून ठेविला.

मग डाव्या हाताकडे करडी रेषा दिसूं लागली. तो इंग्लंडचा किनारा होता. वाऱ्यानें त्यास वाटेबाहेर पूर्वेकडे लोटलें होतें. तो वळला व किनाऱ्याच्या कडेकडेनें वाऱ्याशीं झगडत चालला. डोव्हरच्या किल्ल्याजवळ, उंच कड्यांमध्यें जेथें जमीन थोडी खालीं उतरते, अशा कुरणांत एक फ्रेंच बातमीदार मोठें तिरंगी निशाण हालवीत उभा होता. तें पाहून ब्लेरिओ आंत वळला. वाऱ्याच्या झोतांत विमान गरगरलें. सुमारें वीस मीटर उंचीवर त्यानें इंजिन बंद केलें आणि यंत्र जमिनीवर आदळलें. चाकें मोडलीं, पंख्याचें एक पातें तुटलें. मनुष्य मात्र सुखरूप होता. निघाल्यापासून साडेछत्तीस मिनिटें झालीं होतीं.

येथें पुन्हां आमच्या गणितप्रेमी विद्यार्थ्यानें पाटी काढावी. ३८ किलोमीटर साडेछत्तीस मिनिटांत म्हणजे ताशीं सुमारें ६२ किलोमीटर. पण ब्लेरिओचें यंत्र ताशीं सुमारें ७० किलोमीटर वेगानें उडत होतें. मग वेळ अधिक कां लागला? वाट चुकली म्हणून, व वारा आडवा आला म्हणून. आणि तिकडे लेथमच्या तळावर? त्याच्या माणसांच्या ध्यानांत हवा सुधारल्याचें आलें तेव्हां ब्लेरिओ निघून गेला होता. मग वारा वाढला व लेथमला त्या दिवशीं निघतां आलें नाहीं. दोन दिवसांनीं तो पुन्हां निघाला आणि पुन्हां समुद्रांतच उतरला. त्याचें धैर्य कोणाहून कमी नव्हतें. एका पहांटे जागें राहणें व न राहणें एवढाच काय तो फरक.

ब्लेरिओ एका दिवसांत जगप्रसिद्ध झाला. लंडनमध्यें त्याचें विमान पाहावयास लाखावर लोक लोटले. थोड्याच आठवड्यांत त्या नमुन्याच्या शंभराहून अधिक विमानांची मागणी आली व कर्जांत बुडूं पाहणारा मनुष्य मोठा कारखानदार झाला. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत इस्तंबूल येथें सोसाट्याच्या वाऱ्यांत त्याचें विमान एका घराच्या छपरावर कोसळलें. बरगड्या मोडल्या व कांहीं आठवडे त्यास रुग्णालयांत काढावे लागले. तेव्हांपासून त्यानें शर्यतींतून व प्रदर्शनांतून उडणें सोडलें आणि विमानें बनविण्यांत व वैमानिक शिकविण्यांत मन घातलें. थांबावें केव्हां, हें कळणें हेंही शहाणपणच आहे.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून चरित्र पुरें होणार नाहीं. समुद्र ही इंग्लंडची तटबंदी. ती एका पहांटे एका जखमी मनुष्यानें ओलांडली. पुढें पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर २४ डिसेंबर १९१४ रोजीं शत्रूच्या विमानांतून इंग्लंडच्या भूमीवर पहिला बाँब पडला, तो त्याच डोव्हरच्या किल्ल्याजवळ, ब्लेरिओ जेथें उतरला होता त्या कुरणापासून जवळच. ब्लेरिओच्या स्वतःच्या कारखान्यांतूनही त्या युद्धांत स्पॅड नांवाचीं हजारों लढाऊ विमानें बाहेर पडलीं. वाट एकदां मोकळी झाली, कीं तिच्यावरून कोण जाईल हें वाट काढणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. विद्या शिकणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

परंतु त्याच वाटेनें चांगलेंही पुष्कळ आलें. युद्ध संपल्यावर २५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडन व पॅरिस यांच्यामध्यें रोज प्रवासी नेणारी विमानसेवा सुरू झाली. त्या प्रवासास तेव्हां सुमारें अडीच तास लागत. आणि एक धागा तर थेट आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. खाडीच्या फ्रेंच किनाऱ्यावर आर्देलो या गांवीं ब्लेरिओचें घर होतें, व त्याच्या शेजारीं सुटीचे दिवस घालविण्यासाठीं टाटा कुटुंब येत असे. तेथील वाळवंटावर विमानें उतरतांना पाहून एका मुलाच्या मनांत उडण्याची ओढ उत्पन्न झाली. ते श्री. जे. आर. डी. टाटा. १९२९ सालीं हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक-परवाना त्यांस मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवीत मुंबईच्या जुहू येथें उतरले. त्या सेवेंतूनच पुढें एअर इंडिया ही संस्था वाढली.

१९२७ सालीं लिंडबर्ग हा अमेरिकन तरुण एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला आला, तेव्हां त्याचें स्वागत करणाऱ्यांत वृद्धत्वाकडे झुकलेला ब्लेरिओ होता. १ ऑगस्ट १९३६ रोजीं पॅरिस येथें हृदयविकारानें त्याचा अंत झाला. ज्या ले बाराकहून तो उडाला त्या गांवास आज ब्लेरिओ-प्लाज असें त्याचेंच नांव आहे. डोव्हरच्या कुरणांत तो उतरला त्या जागीं विमानाची आकृति दगडांत बसविलेली आहे. आणि तें मूळचें अकरावें विमान पॅरिसच्या एका संग्रहालयांत छताशीं टांगलेलें आहे.

१९९४ सालीं त्याच खाडीच्या तळाखालून बोगदा खुला झाला. मोटारी वाहून नेणारी आगगाडी कॅलेच्या बाजूनें निघून इंग्लंडच्या किनाऱ्यास सुमारें पस्तीस मिनिटांत पोंचते. म्हणजे ब्लेरिओहून अवघीं दीड मिनिटें लौकर! पंचाऐंशीं वर्षांत त्या अंतरास लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला, आणि तरी सर्व कांहीं पालटलें. आज त्या गाडींत बसलेल्या मुलास भीति वाटत नाहीं, वाट चुकत नाहीं, पाय भाजत नाहीं; कारण तें सर्व त्याच्यासाठीं कोणीतरी आधींच सोसून ठेविलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें केव्हां तरी तुमच्यापैकीं कोणी विमानांत बसाल व खालीं पाण्याची निळी पट्टी सरकतांना पाहाल. त्या वेळीं वेळापत्रकांतील मिनिटांबरोबर आणखी एक हिशेब करावा. साडेछत्तीस मिनिटांच्या प्रवासास ब्लेरिओस नऊ वर्षें लागलीं, व दहा यंत्रें त्यापूर्वीं करावीं लागलीं. त्यांपैकीं एकही यंत्र आमच्या मतें वायां गेलें नाहीं.